पाठीवरचा खडू

४ जानेवारी, शनिवार

आज पहिला छर्रा कागदाला लागला. तो खरोखर कितीला पडला ते मांडून ठेवतो, नाहीतर उद्या मीच विसरायचो. छर्रा दीड रुपयाचा. पण त्याच्यासाठी वर्कशॉपवरचा अख्खा मजला गेला, जिथं लग्नापासून म्हाळसाचं वाळवण असायचं. कुरडया, पापड, डाळी, सगळं आता घरच्या गॅलरीत कोंबलंय. ज्या लेथवर मी कॉम्प्रेसरचं काम शिकलो तो लेथ भंगारात गेला. शेजारचा प्लास्टिकवाला बोलेनासा झाला, त्याला वाटतं मी त्याच्या पत्र्याला भोकं पाडणार. एवढं सगळं गेलं तेव्हा चिकलठाण्यात 'कडूबा नेमबाजी केंद्र' उभं राहिलं आणि एक छर्रा दहा मीटरवरच्या कागदात बसला.

तोही माझा नाही. माझे तिन्ही भिंतीला लागले. म्हाळसा डबा घेऊन आली होती, गंमत म्हणून तिच्या हातात एअर रायफल दिली, तर बाईनं ठिपक्याच्या काठावर मारला. कावळा बसायला अन् फांदी मोडायला.

सुदर्शन हवालदार मात्र हसला नाही. गंगापूरचा माणूस, फौजेत नऊ वर्षं स्नायपर होता, आता शेती बघत होता. त्याला मी महिनाभर मागं लागून प्रशिक्षक म्हणून आणलाय. तो म्हाळसाला म्हणाला, "वहिनी, परत एकदा धरा." तिनं धरली. "आता उडवू नका. नुसती धरून बसा." ती बसली. किती वेळ ते मी बघितलं नाही, मला फोन आला होता.

६ जानेवारी

सुदर्शनशी पहिलं वाजलं.

पायऱ्या चढून आलं की समोरच्या भिंतीवर मी जगातल्या नामी स्नायपरांचे फोटो लावलेत, खाली ठळक आकडे. फिनलंडचा सिमो हायहा, पाचशेच्या वर. सोव्हिएत फौजेतली ल्युदमिला पावलिचेन्को, तीनशे नऊ. भरतीची पोरं आकड्यांना भुलतात, हे मला कळतं. सुदर्शननं भिंत बघितली आणि म्हणाला, "भाऊ, आकडे काढा."

"का? खोटे आहेत?"

"वाद आहेत त्यांच्यावर. पण ते सोडा. तुमच्या हातून किती कॉम्प्रेसर कायमचे बसले ते तुम्ही बोर्डावर लिहिता का?"

मी म्हटलं, तुझा आकडा तरी सांग. तो पाणी प्यायला गेला.

म्हाळसा फोटो न्याहाळत उभी होती. "हे पाचशे मोजले कुणी?" तिनं विचारलं. सुदर्शन परत येत म्हणाला, "स्नायपरसोबत दुसरा माणूस असतो, वहिनी. तो बघतो, वारा सांगतो, लिहून ठेवतो. कधी कुणीच नसतं." मग तिनं पावलिचेन्कोकडं बोट केलं. "हिला लेकरं होती?" "एक मुलगा होता." तिनं मान हलवली आणि रिकामा डबा उचलून गेली. नेमबाजीबद्दल विचारायला एवढंच सुचलं बाईला.

खरं भांडण पुढं आहे. सुदर्शन म्हणतो पहिला महिना कुणाच्याच हातात रायफल नाही. नुसतं बसायचं, श्वास धरायचा, बघायला शिकायचं. म्हणतो हायहा शेतकरी होता, सव्वापाच फुटांचा, बर्फात पडून राहायचा. तोंडाची वाफ दिसू नये म्हणून तोंडात बर्फ धरायचा. बंदुकीला दुर्बीण लावायचा नाही, कारण दुर्बिणीसाठी डोकं वर उचलावं लागतं आणि काच चमकते. "इतका चांगला नेम कसा, असं त्याला विचारलं तर म्हणाला, सराव."

मी म्हटलं, हवालदारसाहेब, इथं बर्फ नाही, जालना रोड आहे. मी वीस पोरांना शब्द दिलाय की सव्वीस जानेवारीला उद्घाटन आणि पहिल्याच दिवशी बंदूक हातात. महिनाभर डोळे मिटून बसायला कोण फी भरेल?

तो उठून टार्गेटचे कागद लावायला लागला. न बोलणाऱ्या माणसाशी भांडताना मला नेहमी वाटतं की मीच हरतोय.

८ जानेवारी, बुधवार

पैज लागली.

झालं असं की चहाला पोरं जमली होती आणि मी माझ्या कानांविषयी सांगत होतो. खोटं काही सांगितलं नाही. पेचकसाचं टोक मशीनला आणि मूठ कानाला लावली की कुठलं बेअरिंग गेलंय ते मी सांगतो, सगळ्या एमआयडीसीला माहीत आहे. आणि त्याच्याही आधी, देवगाव रंगारीला मेंढरं वळायचो तेव्हा, लांडगा माळावर आला की कुत्र्याच्या आधी मला कळायचं. "माझ्या दहा फुटांत कुणी नकळत येऊन दाखवावं," मी म्हणालो. "जन्मात झालं नाही."

सुदर्शन म्हणाला, "करू या का?"

त्यांच्या कोर्समध्ये म्हणे असा पेपर असतो. निरीक्षक दुर्बीण घेऊन बसतो आणि शिकाऊनं सरपटत त्याच्या जवळ पोचायचं. दिसला तर नापास. इथं रान नाही, म्हणून खडू. वर्कशॉपमध्ये पत्र्यावर आखायला पांढरा खडू असतोच. अट अशी: सुदर्शननं तयार केलेलं एक माणूस माझ्या अंगावरच्या कपड्यांवर फुली मारील, मला कळू न देता. रंगेहाथ पकडलं, किंवा सव्वीसला सगळ्यांसमोर मी त्या माणसाचं बरोबर नाव सांगितलं, तर मी जिंकलो. मग शाळा माझ्या पद्धतीनं चालेल आणि सुदर्शन बॅग उचलून गंगापूरला जाईल, हे तो स्वतःच म्हणाला. मी हरलो तर पहिला महिना रायफल कपाटात.

"माणूस कोण, ते तरी सांग."

"तुमच्या रोजच्या येण्याजाण्यातलं. एवढंच सांगतो."

माझा संशय विश्वजीतवर. भरतीची तयारी करणारा पोरगा, मांजरासारखा चालतो, सुदर्शनच्या मागं मागं असतो. आजपासून डोळा ठेवलाय.

१० जानेवारी

पहिली फुली. जिवावर आलं लिहायला.

कोपऱ्यावर चहाला गेलो तर सलीमभाई म्हणतो, "शेठ, कालर कू क्या तो बी सफेद लगा है." काढून बघितलं तर कॉलरच्या मागं खडूची फुली.

शांत डोक्यानं विचार केला. घरून निघताना शर्ट स्वच्छ होता. दारात म्हाळसानं कॉलर सरळ करून दिली, काही असतं तर तिला दिसलंच असतं. म्हणजे खूण वर्कशॉपमध्येच झाली. सकाळी माझ्यामागं कोण कोण होतं? विश्वजीत झाडू मारत होता, पण पलीकडं. दोन कामगार होते, ते माझ्यासमोर. मला कुणाचाच आवाज आला नाही. हे कसं?

सुदर्शनला विचारलं. म्हणाला, "नाव सांगा."

११ जानेवारी

वर्कशॉपच्या फाटकात खडी टाकून घेतली. कुणी पाय ठेवला की करकर वाजते. कॅबिनच्या दाराला गावाहून आणलेलं मेंढ्याच्या गळ्यातलं घुंगूर बांधलं. म्हाळसानंच ते ट्रंकेतून शोधून दिलं आणि स्वतःच बांधलं, पक्की गाठ मारून.

सुदर्शन आज खुशीत होता. स्नायपर हा शब्द आपल्याच मुलखात जन्मला म्हणे. अडीचशे वर्षांपूर्वी इथले गोरे शिपाई स्नाइप पक्षी मारायला जायचे. स्नाइप म्हणजे आपला पाणलावा. चिखलात बसला की चिखलच दिसतो, उडाला की वेडावाकडा पळतो. तो ज्याला मारता येई त्याचा नेम पक्का. मी म्हटलं, जायकवाडीला हिवाळ्यात खूप येतात. तो म्हणाला, "येतात, पण तुम्हाला किती दिसलेत?" आठवून बघितलं. एकही नाही.

घरी एक नवीनच. म्हाळसाच्या बांगड्या हल्ली वाजत नाहीत. बघितलं तर बांगड्यांना लोकरीचा दोरा गुंडाळलाय. विचारलं तर म्हणाली, मनगट दुखतं, गरम राहावं म्हणून. डॉक्टरला दाखवायला पाहिजे. माझ्या कानातून काही सुटत नाही ते असं.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी.

आजचा दिवस माझा!

ठरवून दिवसभर कॅबिनमधून हललो नाही. दार लोटलेलं, खुर्ची भिंतीला टेकलेली, पाठ सुरक्षित. विश्वजीतला सबंध दिवस पैठणला पाठवलं पार्ट आणायला. कामगारांना सांगितलं, बोलायचं असलं तर खिडकीतून. खडी वाजली की मान वर. संध्याकाळपर्यंत दहा फुटांत कोणी म्हणून फिरकलं नाही. घरी येऊन कपडे उलटसुलट करून बघितले, शर्ट, पँट, स्वेटर. स्वच्छ.

दुपारी भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. दोन घास जास्तच गेले.

सुदर्शनला फोन करून ऐकवलं, "काय हवालदार, तुमचं माणूस थकलं वाटतं." तो फक्त "बरं" म्हणाला. त्याचं ते "बरं" मला आवडलं नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

माझं हसं झालं.

संक्रांतीला माणसं पाया पडायला, तिळगूळ द्यायला अंगाशी येणार. हाच डाव साधतील म्हणून मी कॅबिनच्या दारात टेबल आडवं लावलं. "तिळगूळ टेबलावर ठेवा, गोड बोला आणि तिथूनच मागं सरका." कामगार खाली मान घालून हसत होते. जुनी गिऱ्हाईकं आली, त्यांना वाटलं मला करोना झालाय. प्लास्टिकवाला इतक्या दिवसांनी बोलायला आला, वडी हातात घेऊन. त्यालाही मी "तिथंच ठेवा" म्हटलं. तो वडी घेऊनच परत गेला.

म्हाळसा आली ती टेबलाखालून वाकून आत. माझ्या तोंडात वडी कोंबली आणि म्हणाली, "लोक काय म्हणतेल, जरा तरी लाज धरा." पाठीत एक धपाटा घातला. मी म्हटलं, तू तरी समजून घे, माझी इज्जत पणाला लागलीय. ती म्हणाली, "व्हय, दिसतंय की."

घरी आल्यावर काळा स्वेटर काढला. पाठीच्या मधोमध ही एवढी फुली.

टेबलाच्या आत कुणी आलं नव्हतं. मागं भिंत. मग ही फुली आली कुठून? मी वर छतातला पंखासुद्धा बघून आलो. विश्वजीत दिवसभर डोळ्यांसमोर होता. सुदर्शन वरच्या मजल्यावर. मला आता माझ्याच कानांची शंका यायला लागलीय. आज दोनदा पेचकस कानाला लावून मशीन ऐकलं. बेअरिंग नीट ऐकू येतंय. मग माणूस का नाही?

१७ जानेवारी

दुपारच्या सुट्टीत पोरं जेवायला जातात तेव्हा वरचा मजला बंद असतो. आज मी बँकेतून लवकर आलो तर वरून आवाज. टक्. बऱ्याच वेळानं परत टक्. एअर रायफलचाच. मध्ये सुदर्शनचा हलका आवाज, "श्वास सोडा. अर्धा. थांबा. घाई कुणाला आहे?" मग टक्.

चोरून कुणाला तरी शिकवतोय. मी चपला काढून जिना चढलो. वरच्या पायरीवर पाय ठेवला आणि आत सगळं थांबलं. दार उघडलं तर सुदर्शन टार्गेटचे कागद बदलत होता. म्हाळसा खिडकीपाशी बसून भाकरी बांधायचं फडकं घडी करत होती.

"कोण होतं इथं?"

"मी आहे की," सुदर्शन म्हणाला.

"अजून कोण?"

म्हाळसा म्हणाली, "मी डबा आणला. जेवा आधी."

जेवताना कागद बघितले. मधल्या काळ्यात सहा भोकं, एकमेकांना चिकटून. विश्वजीतला एवढा नेम आला कधी? सुदर्शन पक्का निघाला. पोरगा मागच्या जिन्यानं निसटला असणार.

२० जानेवारी

आज चुकलो का बरोबर केलं, कळत नाही.

शर्टाच्या डाव्या बाहीवर तिसरी फुली सापडली आणि माझा तोल गेला. विश्वजीत समोर आला तसा त्याचे हात उलटे करून बघितले. बोटांना खडू. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "सापडला!" तो रडकुंडीला आला. "शेठ, मी पत्रा आखत होतो. तुम्हीच सांगितलं होतं." खरंच, मीच सांगितलं होतं. पण मी तोंडातून गेलेलं मागं घेतलं नाही. पोरगं दुपारनंतर दिसलं नाही.

सुदर्शन पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवून बोलला. "भाऊ, हे नुसतं माणसं वर पोचवायचं काम नाही. नीट बघितल्याशिवाय बोट दाखवायचं नाही, हीच तर पहिली गोष्ट आहे. तिकडं फौजेत चुकीच्या माणसाकडं बोट गेलं तर परत आणता येत नाही."

मी त्याच्याकडं बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

रात्री म्हाळसानं ताटात आमटी वाढली आणि म्हणाली, "पोराला बोलवा उद्या." मी म्हटलं, तुला काय माहीत यातलं. ती म्हणाली, "नाय बा, मला काय माहीत."

२३ जानेवारी

सुदर्शननं बॅग भरून ठेवलीय. पैज हरलाच तर सव्वीसला दुपारच्या एसटीनं जातो म्हणे. मी जिंकावं असं मलाच वाटत नाही, हे इथं लिहितो, बाहेर बोलणार नाही. गेले पंधरा दिवस तो पोरांना नुसता बसवतोय आणि पोरं बसतायत. गलका करणारी पोरं. परवा एकानं मला सांगितलं, शेठ, समोरच्या लिंबावर रोज एक पिंगळा बसतो, माहीत होतं का? आठ वर्षं मी त्या लिंबाखाली गाडी लावतो. माहीत नव्हतं.

पण हरायचं कसं? सगळ्या लाईनीत मी कानांची बढाई मारलीय.

विश्वजीत आला. माझ्याकडं न बघता कामाला लागला.

२५ जानेवारी

शेवटचा विचार. बाहेरचं कुणी नाही, खडी वाजली असती. कॅबिनमध्ये कुणी नाही, घुंगूर वाजलं असतं. कामगारांची चाल मी ओळखतो. उरतो तो विश्वजीत. पुरावा नाही, पण दुसरं कुणी उरतच नाही. उद्या त्याचंच नाव घेतो. नेम कागदाला लागला नाही तरी भिंतीला तर लागेल.

म्हाळसा दिवसभर चिडलेली. सुदर्शनसाठी वाटेत खायला शेंगदाण्याचे लाडू बांधत होती. मी म्हटलं, अजून ठरलं कुठं? ती म्हणाली, "तुमचं ठरलंय ना. तोंडावर दिसतंय."

२६ जानेवारी, रविवार

झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं, जिलेबी आली. सत्तर-ऐंशी माणसं. प्लास्टिकवालाही आला. फोटोंची भिंत तशीच, पण खालचे आकडे मी पहाटे खरडून काढले होते. का ते विचारू नका.

सुदर्शन म्हणाला, "भाऊ, नाव."

मी विश्वजीतचं नाव घेतलं. पोरगा जमिनीकडं बघत राहिला. सुदर्शननं मान हलवली. नाही.

माणसं हसायला लागली. मला मात्र आधी हलकं वाटलं आणि मग राग आला. मी ओरडलो, "मग कोण? समोर आणा!"

"खडू ज्याच्याकडं आहे त्यानं पुढं यावं," सुदर्शन म्हणाला.

सगळे पोरांकडं बघत होते. म्हाळसा जिलेबीचं ताट घेऊन रांगेतून फिरत होती. तिनं ताट खाली ठेवलं, पदराला हात पुसले, कमरेची चंची सोडली. सुपारी आणि अडकित्त्याच्या मधून खडूचा तुकडा काढला आणि माझ्या हातावर ठेवला.

सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. मग सलीमभाई म्हणाला, "या अल्ला, भाभी!" आणि पत्रे उडतील एवढा गलका झाला.

मी म्हटलं, "तू?"

"मग कोण? कोकरू धरायचं असलं तर त्याच्याकडं बघायचं नस्तंय. बाजूनं आपलं काम करीत जायचं. तुम्ही इसरलात, मी नाय."

"आणि ती सहा भोकं?"

"तुम्हाला वाटलं ना, कावळा बसला अन् फांदी मोडली," ती म्हणाली. "म्हणून परत परत बसून बघितलं."

सुदर्शननं नोंदणीत पहिलं नाव तिचं लिहायला घेतलं. मी म्हटलं, वाळवणाची जागा गेली म्हणून राग होता होय? ती म्हणाली, "राग कशाला? जागा माझीच व्हती, तिथंच बसणार मी."

मी जिलेबीचं ताट उचलून विश्वजीतकडं गेलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, पोरा, चुकलो. तो म्हणाला, "शेठ, मला वाटलं तुम्हाला मला काढायचंच होतं." हे ऐकून फार वाईट वाटलं.

सुदर्शनची बॅग म्हाळसानं स्वतः वर नेऊन ठेवली. रायफली कपाटात, किल्ली तिच्याकडं.

२७ जानेवारी

सकाळी तिला विचारलं, एकूण किती मारल्यास? मला तीन सापडल्या. ती म्हणाली, "चार."

"चौथी कुठं?"

"पट्टा बघा."

पट्टा काढून उलटा केला. आतल्या बाजूला, मागं, पुसट फुली. कधीची? भोगीची, म्हणाली. मी म्हटलं शक्य नाही, त्या दिवशी दहा फुटांत कोणी फिरकलं नव्हतं, मी लिहून ठेवलंय. ती भाकरी थापत राहिली.

मग आठवलं. भोगीच्या दिवशी डबा एकच आला होता. हात धुवायला उठलो तेव्हा पट्टा ढिला केला होता. त्या दिवशी आम्ही दोघं कॅबिनमध्ये एकाच ताटात जेवलो होतो.